विश्लेषण : पंखे चार, तरी संगणक तापतोच… असे का?

जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावात दाखल्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबाऱ्याची प्रत अशी कितीतरी कामे एखाद्-दुसऱ्या संगणकावर अवलंबून असतात. हा संगणक ऐन उन्हाळ्यात संथ झाला किंवा मध्येच बंद पडला, तर रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो आणि जव्हारची एक फेरी वाढते. अशा वेळी ‘आणखी एक पंखा बसवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो बऱ्याचदा का फसतो, आणि संगणकातील हवेची वाट नेमकी कशी आखावी?

संगणक तापतो म्हणजे काय होते?

बोलीभाषेत सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे त्या डब्यातील मदरबोर्डवर बसलेली, बिस्किटाएवढी प्रोसेसरची चिप. डबा म्हणजे कॅबिनेट. ही चिप जेवढी वीज घेते, ती जवळपास सगळी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. दाखले काढणे, टंकलेखन, इंटरनेट अशी कामे करणारा साधा संगणक भरात असताना साधारण १०० वॉटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा पिवळा बल्ब बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखे झाले. खेळांसाठी किंवा व्हिडीओ संपादनासाठी जोडलेल्या संगणकात हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. ‘आरटीएक्स ४०९०’ या एकट्या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॉट आहे.

ही उष्णता बाहेर गेली नाही, तर चिप जळते असा समज आहे. आजच्या चिप इतक्या भोळ्या नाहीत. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास आणि अनेक रायझन प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोहोचले, की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. काम चालू राहते, पण रखडत. त्यानंतरही तापमान वाढतच गेले, तर संगणक कुठलीही सूचना न देता बंद होतो. अर्धा भरलेला फॉर्म गेला, असे जे होते, त्यामागे कधी कधी हेच कारण असते. मात्र केंद्रावर खापर फुटते ते ‘सर्व्हर डाऊन’वर. सर्व्हर खरोखरच डाऊन असतो तेव्हा गावचा पंखा काही करू शकत नाही. पण त्याच वेळी मोबाइलवर तीच वेबसाइट नीट उघडत असेल आणि संगणक मात्र सकाळी पळून दुपारी दोननंतरच रेंगाळत असेल, तर संशय कॅबिनेटवर घ्यायला हवा.

पंखा थंड करतो का?

नाही. पंखा हवा हलवतो, थंडावा निर्माण करत नाही. चिपची उष्णता आधी तिच्या डोक्यावरच्या धातूच्या हीटसिंकमध्ये जाते, तिच्या पापुद्र्यांमधून हवेत येते आणि ती गरम हवा कॅबिनेटबाहेर गेली तरच सुटका होते. त्यामुळे आतले तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८ अंश असतील, तर संगणकाची सुरुवातच ३८ पासून होते. मुंबईतल्या वातानुकूलित कार्यालयात तीच सुरुवात २५ पासून होते. दोन्हीकडे संगणक एकच असला, तरी पहिल्याला चुकायला १३ अंशांची जागा कमी मिळते.

किती हवा लागते याचा हिशेब सोपा आहे. हवेचे तापमान आत शिरताना आणि बाहेर पडताना १० अंशांहून अधिक वाढू नये असे ठरवले, तर दर १०० वॉट उष्णतेसाठी मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा त्या डब्यातून जायला हवी. १२० मिलिमीटरचा साधा कॅबिनेट पंखा मोकळ्यावर मिनिटाला साधारण १४०० लिटर हवा फेकतो. खोक्यावर छापलेला आकडा हाच, मोकळ्यावरचा असतो. पुढे जाळी, गाळणी, तारांचा गुंता आला की तो निम्म्यावर येऊ शकतो. तरीही ७०० लिटर उरतातच. म्हणजे कार्यालयीन कामाच्या संगणकाला एक पंखा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा एवढे पुरते. (जव्हारचे पठार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ, म्हणून तेवढी कमी उष्णता वाहून नेते. चिंता करण्याजोगा हा फरक नाही.)

दोन पंखे पुरत असतील, तर चार पंखे बसवूनही संगणक तापतो कसा?

वारा येतो कुठून, जातो कुठे?

खळ्यावर भात उपणायला घेताना आधी वाऱ्याची दिशा पाहतात. वारा कुठून येतो ते कळल्याशिवाय कोणी सूप उचलत नाही, आणि वारा पडला असेल तर वाट पाहतात. संगणक जोडताना मात्र ही साधी गोष्ट सर्रास विसरली जाते. जिथे भोक तिथे पंखा, या न्यायाने पंखे बसतात. दोन आत घेणारे समोरासमोर आले, की हवा एकमेकांवर आपटून आतच घुटमळते. चारही बाहेर टाकणारे असले, तर डबा फटीफटींतून धूळ ओढू लागतो.

बहुतेक टॉवर कॅबिनेटमध्ये ठरलेली वाट आहे. गार हवा समोरून, खालच्या बाजूने आत येते. ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याच्यावरून आणि प्रोसेसरच्या हीटसिंकमधून मागे जाते. आणि मागून, वरच्या बाजूने बाहेर पडते. हीटसिंकवर उभा पंखा असेल, तर त्याचे तोंडही याच दिशेला, म्हणजे मागच्या पंख्याकडे हवा ढकलणारे हवे. तो उलटा बसला तर समोरून आलेल्या हवेशी त्याची झटापट होते. पंख्याची दिशा ओळखणे अवघड नाही. पात्यांची मोकळी, देखणी बाजू हवा आत ओढते; आडव्या दांड्या आणि मधले स्टिकर दिसते त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा नाशिकला जाऊन जोडून आणलेल्या नव्या संगणकातही हा एक बाण पाहून घेण्यात अर्धे मिनिट जाते.

‘गरम हवा वर जाते, म्हणून छतावर पंखा हवाच’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मोकळ्या घरात तो खरा आहे. कारवीच्या कुडाच्या घरात चुलीचा धूर कौलांच्या, गवताच्या फटींतून वर निघून जातो, तो याच कारणाने. पण पंख्याचा जोर या आपोआप वर जाण्याच्या ओढीपेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे कॅबिनेटमध्ये हवा पंखे नेतील तिकडेच जाते. छतावरचा पंखा मागच्या बाजूला असेल तर उपयोगाचा. छताच्या पुढच्या टोकाला बसवला, तर समोरून नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो बाहेर फेकून देतो. वीज खर्च झाली, आवाज वाढला, आणि चिपला काही मिळाले नाही.

हवा नेहमी सोपी वाट शोधते, ही दुसरी मेख. मागच्या बाजूला जादा कार्डांसाठी पत्र्याच्या पट्ट्या असतात. दुरुस्तीच्या वेळी त्या काढल्या जातात आणि पुन्हा लावायच्या राहतात. मग मागचा पंखा समोरून हवा ओढण्याऐवजी शेजारच्याच या भोकातून ओढून तीच बाहेर टाकत बसतो. खेड्यात या उघड्या फटीला आणखी एक अर्थ आहे. पाल, झुरळ आणि मुंग्यांना उबदार जागा आवडते, आणि मदरबोर्डवर दोन पिनांना एकदम चिकटलेली पाल हा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी नवा प्रकार नाही. पाच-दहा रुपयांची पत्र्याची पट्टी हे दोन्ही थांबवते.

या वाटेचा आराखडा कायम असाच होता असे नाही. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेत सुरुवातीला एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पण ती हवा एसएमपीएसमधून जाताना आधीच तापत असे, आणि प्रोसेसरची भूक वाढत गेली तसे ते परवडेना. पुढे तोच पंखा बाहेर टाकणारा झाला. आता बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि खालून स्वतःपुरती हवा घेऊन मागे सोडतो. कॅबिनेट थेट जमिनीवर ठेवला, की हा पंखा जमिनीवरची धूळ झाडूसारखी गोळा करतो. वीतभर उंच स्टूल हा त्यावरचा उपाय.

धुळीचे काय करायचे?

शहरासाठी लिहिलेला सल्ला या भागात अपुरा पडतो तो इथे. उन्हाळ्यात रस्त्यावरचा मुरूम उडतो. पावसाआधी शेतात राब भाजतात, त्याची हलकी राख हवेत तरंगत राहते. चुलीच्या धुराचा तेलकट अंश धुळीला चिकटपणा देतो. हे सगळे हीटसिंकच्या बारीक पापुद्र्यांमध्ये जाऊन बसते आणि काही महिन्यांत तिथे गोधडीसारखा थर तयार होतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, घरघरतो, पण हवा थराच्या पलीकडे जात नाही. चार पंखे असूनही संगणक तापतो, त्याचे सर्वात सामान्य कारण हेच. इथे पाचवा पंखा आणखी धूळ ओढण्याचे काम करतो.

आखणी करताना म्हणूनच आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. समोर दोन पंखे आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, अशी जोडणी केली की डब्यात किंचित दाब राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेरच ढकलली जाते. हवा आत येण्याची वाट एकच उरते, समोरची. तिथे गाळणी लावली, की धूळ तिथेच अडते. याउलट बाहेर टाकणारे पंखे जास्त झाले, तर डबा यूएसबीच्या खाचेपासून पत्र्याच्या सांध्यापर्यंत प्रत्येक फटीतून, न गाळलेली हवा आत ओढतो. तापमानाच्या आकड्यांत या दोन पद्धतींत फार फरक पडतोच असे नाही. फरक दिसतो तो सहा महिन्यांनी झाकण उघडल्यावर.

गाळणीही तारतम्याने निवडावी लागते. मच्छरदाणीचे कापड किडे अडवते, बारीक धूळ नाही. जाड कापड किंवा स्पंज धूळ अडवतो आणि हवाही. संगणकासाठी मिळणारी बारीक नायलॉनची किंवा चुंबकाने चिकटणारी जाळी त्यातल्या त्यात बरी, कारण ती काढून धुता येते. न धुतलेली गाळणी मात्र गाळणी नसण्यापेक्षा वाईट. उन्हाळ्यात ती दर पंधरवड्याला झटकायला हवी. समोर गुळगुळीत काच किंवा बंद प्लास्टिक असलेले, आत रंगीत दिवे लखलखणारे कॅबिनेट दुकानात उठून दिसते. पण त्याला श्वास घ्यायला बाजूची बोटभर फट तेवढी असते. पुढची बाजू पूर्ण जाळीची असलेले साधे कॅबिनेट या भागात कधीही सरस. दिव्यांनी काही थंड होत नाही.

पावसाळ्यात पंखे बंद ठेवावेत का?

जून ते सप्टेंबर जव्हार-मोखाड्यात हवा ओलीकच्च असते. भिंतींना ओल येते, कागद मऊ पडतात. मग ‘पंख्याने दमट हवा आत जाईल’ या भीतीने संगणकच बंद ठेवला जातो, आणि नुकसान होते ते त्यामुळे. हवेतील बाष्पाचे पाणी होते ते आजूबाजूच्या हवेपेक्षा गार पृष्ठभागावर. चालू संगणकाचा प्रत्येक भाग खोलीपेक्षा थोडा गरमच असतो, म्हणून त्यावर दव धरत नाही. बंद पडून राहिलेल्या संगणकात मात्र आधीची धूळ ओल शोषते, तिचा लगदा होतो, पिनांवर हिरवट गंज चढतो. उन्हाळ्यातली राख तशीच राहिली असेल, तर गंजाला आणखी मदत होते. शाळेचा संगणक सुट्टीतही आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवणे हा पावसाळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे.

झाकून ठेवायचा प्रश्नही इथलाच. बंद संगणकावर सुती कापड टाकायला हरकत नाही. प्लास्टिकचे आवरण ओल कोंडून ठेवते. आणि चालू संगणकावर कोणतेच आवरण नको, हे सांगायची गरज पडू नये. पण मागच्या अर्ध्या भागावर कव्हर तसेच आणि पुढे काम सुरू, हे दृश्य अनेक कार्यालयांत दिसते.

खोलीत जागा कोणती?

आरोग्य केंद्रातील लस साठवण्याचा आयएलआर फ्रीज भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर दूर आणि उन्हापासून लांब ठेवायचा, असा लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतील नियम आहे. कारण त्याचीही उष्णता हवेतच सोडली जाते आणि त्या हवेला फिरायला जागा लागते. तोच नियम संगणकाला जसाच्या तसा लागू पडतो. मागचा पंखा भिंतीला टेकलेला असेल, तर त्याने टाकलेली गरम हवा भिंतीवरून परत फिरते, टेबलाखाली साचते आणि समोरच्या पंख्यातून पुन्हा आत येते. दाराच्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट ठेवायची सोय असलेली संगणक-टेबले या बाबतीत सर्वात घातक. आत हवा तीच ती फिरत राहते. कप्प्याचे मागचे फळकूट काढून टाकणे, एवढी सुतारकी कुणालाही जमते.

शेजारी यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर त्याचीही उष्णता हिशेबात धरावी. तो कॅबिनेटच्या समोर ठेवू नये, नाहीतर संगणक त्याचीच गरम हवा ओढतो. वीज गेल्यावर पंखे थांबतात त्याने मात्र घाबरायचे कारण नाही. चिपचे काम त्याच क्षणी थांबलेले असते आणि उरलेली उष्णता हीटसिंक पचवतो.

पंखे सतत पूर्ण वेगाने फिरवावेत का?

गरज नाही. चार पिनांचा पंखा मदरबोर्ड सांगेल तसा वेग बदलतो. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करून आवरता येतो. बायोसमध्ये कोणत्या तापमानाला किती वेग, हे ठरवता येते. त्यामागचे गणित पंख्याच्या मालकाला फायद्याचे आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज खूपच उतरतो. म्हणून एक पंखा जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवणे चांगले. दोन पंखे शेजारी-शेजारी हवेत. एकामागे एक चिकटवून हवा दुप्पट होत नाही.

स्वस्तातला पंखा घेताना पात्यांपेक्षा बेअरिंगकडे पाहावे. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधले तेल उष्णतेने लवकर सुकते आणि पंखा घरघरू लागतो. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंगचा पंखा थोडा महाग, पण खाली उतरून दुकान गाठावे लागते अशा ठिकाणी तोच स्वस्त पडतो.

पाण्यावर चालणारे कूलिंग हवे का, हा प्रश्नही हल्ली विचारला जातो. पुण्यातील आयसर संस्थेत असलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाला थेट द्रव-शीतन आहे, कारण तिथे शेकडो प्रोसेसर दाटीवाटीने दिवसरात्र काम करतात. गावच्या संगणकाला पंप बिघडण्याची आणखी एक कटकट नको. शिवाय पाण्याने उचललेली उष्णता शेवटी रेडिएटरवरच्या पंख्यालाच बाहेर टाकावी लागते.

दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर मिळते. बायोसमध्येही आकडा दिसतो. नेहमीचे काम अर्धा तास केल्यावर आकडा टिपून घ्यावा. मग बाजूचे झाकण काढून आणखी अर्धा तास तेच काम करावे. तापमान सात-आठ अंशांनी उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे : गाळणी तुंबली आहे, दिशा चुकली आहे किंवा मागे भिंत आहे. झाकण काढूनही फरक पडला नाही, तर हीटसिंकमध्येच थर साचला आहे किंवा चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली आहे. दिशा तपासायला टिश्यू कागदाची पट्टी पुरते. समोर धरली तर चिकटायला हवी, मागे धरली तर उडायला हवी.

चाचणी झाली की झाकण परत लावायचे. झाकण कायमचे काढून समोर टेबल फॅन लावण्याचा जुगाड उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी चालतो. आकडा उतरतोही, पण मग आखलेली वाट मोडते, धूळ थेट मदरबोर्डवर बसते आणि पालीला दार सताड उघडे मिळते.

सफाईला वर्षातून दोन मुहूर्त पुरेत. एक राब भाजून झाल्यावर, मृगाच्या आधी. दुसरा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. वायर काढून, कॅबिनेट अंगणात नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, वायर काढलेली असली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्यावर बाहेरूनच ब्लोअर मारायचा. आणि खंडेनवमीला संगणकाची पूजा होईल तेव्हा हळद-कुंकू मॉनिटरच्या बैठकीला लावावे, झेंडूचा हार कॅबिनेटच्या बाजूला. समोरच्या जाळीवर वाहिलेले कुंकू थेट हीटसिंकवर जाऊन बसते.